बावीस बोटे मागे : मैदूम ते गिझा, पिरॅमिडच्या मापांची फेरी

पिरॅमिड बघायला जाणारे बहुतेक जण गिझापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मापांसाठी जायचे असेल तर गिझा शेवटी ठेवावे. तिथला मोठा पिरॅमिड, म्हणजे खुफू राजाचा, आधी पाहिला की तो चमत्कारच वाटतो. त्याआधीच्या मैदूम आणि दहशूर इथल्या पिरॅमिडांची पडझड बघून मग त्याच्यासमोर उभे राहिले, की दोन-तीन पिढ्यांच्या चुकांमधून घासूनपुसून आलेले काम दिसते.

सामान थोडेच लागते. ५ मीटरचा टेप, विजेरी, मोबाइलमधला कोनमापक आणि घरी तयार केलेली एक कापडी पट्टी. ही पट्टी ५२.४ सेंमी लांब कापायची आणि तिच्यावर २८ समान भाग आखायचे. प्रत्येक भाग १.८७ सेंमीचा येतो : हा प्राचीन इजिप्तच्या बांधकामाचा एक हात आणि त्याची २८ बोटे. टेपपेक्षा या पट्टीचाच उपयोग जास्त होतो. टेप काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारावे. ड्रोन नेऊ नये, परवानगीशिवाय तो देशातच आणता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे.

पहिला दिवस : कैरो

ताहरीर चौकातले जुने संग्रहालय १९०२ पासून तिथे आहे. गिझाजवळचे नवे भव्य संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी रीतसर सुरू झाले आणि त्यासाठी पुष्कळ वस्तू इकडून तिकडे गेल्या. म्हणून एखादी वस्तू कुठल्या इमारतीत आहे हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. आपल्याला सोन्याचे मुखवटे नकोत, गवंड्याची हत्यारे हवीत. देर अल-मदीना इथल्या सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात १८८६ मध्ये लाकडी गुण्या, उभ्या भिंतीचा ओळंबा आणि समपातळी तपासायची चौकट सापडली. थडगे खुफूनंतर हजारावर वर्षांनी झालेले, पण हत्यारांचे तत्त्व इतके साधे आहे की मधल्या काळात त्यात फार बदल व्हायचे कारण नव्हते.

समपातळीची चौकट इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी असते. शेंड्यातून ओळंबा लोंबतो. दोन्ही पाय एका पातळीत असले की दोरी आडव्या पट्टीच्या मध्यखुणेवर पडते. चौकटीचा एक पाय केसभर आखूड असेल तर? चौकट तिथेच उलट फिरवून ठेवायची, म्हणजे डावा पाय उजवीकडे. दोन वेळा दोरी जिथे पडली त्या दोन जागांच्या बरोबर मधोमध खरी खूण. हत्यार सदोष असले तरी माप निर्दोष येते. गिझाच्या पायाची पातळी बघताना हे आठवावे.

आता मोजमाप. इमारतींसाठी वापरायचा शाही हात ७ मुठींचा आणि एक मूठ ४ बोटांची, म्हणजे हात २८ बोटांचा. मूठ इथे अंगठा सोडून चार बोटांच्या रुंदीएवढी, सुमारे ७.५ सेंमी. नेहमीचा हात ६ मुठींचा, २४ बोटांचा होता. आपल्याकडचा हस्तही २४ अंगुळांचाच. जास्तीची एक मूठ सरकारी कामापुरती. नंतरच्या काळातल्या समारंभी हातकाठ्यांवर १५ बोटांचे आणखी बारीक भाग केलेले दिसतात, पहिल्याचे २, दुसऱ्याचे ३, असे करत १६ पर्यंत. सोळावा भाग जेमतेम १.२ मिमीचा होतो.

उताराला अंश नव्हते. त्यांचे माप सेकेद : एक हात उंची चढताना भिंत किती मुठी आत सरकते. आकडा मोठा तितका उतार सपाट. कामाच्या जागी याहून सोयीचे माप नाही. कोन मोजायला कोनमापक लागतो. सेकेदला ओळंबा आणि हातकाठी पुरते.

ऱ्हिंड पेपिरस नावाने ओळखली जाणारी गणिताची गुंडाळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण तिच्यातली उदाहरणे सोडवायला तिकीट पडत नाही. संध्याकाळी हॉटेलात ५६ वे उदाहरण सोडवून पाहावे. पाया ३६० हात, उंची २५० हात, सेकेद किती? लेखनिक अह्मोस पायाचे अर्धे करतो, १८०. मग २५० ला कशाने गुणले की १८० येतील ते बघतो : निम्मे १२५, पाचवा हिस्सा ५०, पन्नासावा हिस्सा ५, बेरीज १८०. म्हणजे १/२ + १/५ + १/५० हात. त्याला ७ ने गुणून मुठी करतो : ३ १/२, १ २/५ आणि ७/५०, एकूण ५ १/२५ मुठी. पायाचे अर्धे करायचे विसरले की उत्तर दुप्पट येते, आणि नवशिक्यांची चूक हमखास इथेच होते. ५७ ते ५९ या उदाहरणांत सेकेद ५ मुठी १ बोट दिला आहे. खाफ्रेच्या पिरॅमिडपाशी तो पुन्हा लागेल.

दुसरा दिवस : सक्कारा

जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड तिसऱ्या राजवंशातला, इम्होतेप या वास्तुकाराच्या नावाशी जोडलेला. जीर्णोद्धारानंतर २०२० च्या मार्चमध्ये तो पुन्हा उघडला. पाया सुमारे १२१ बाय १०९ मीटर, म्हणजे चौरससुद्धा नाही. आधी जेमतेम ६३ मीटरचा चौकोनी ओटा होता, तो वाढवत वाढवत सहा पायऱ्या झाल्या. इथे सेकेद शोधू नये. थरांच्या रेषा मात्र नीट बघाव्यात : दगड आडवे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. ढीग स्वतःच्या अंगावर रेलून उभा राहावा ही त्यामागची कल्पना. तिचीच किंमत दहशूरला मोजावी लागली.

सक्काऱ्याची खरी ठेव हातभरही नसलेली एक चुनखडीची कपची आहे. जोसेरच्या आवारात सापडलेल्या या कपचीवर लाल शाईने एक वक्र काढला आहे आणि त्याखाली उभ्या रेघांवर उंच्या लिहिल्या आहेत : ३ हात ३ मुठी २ बोटे, ३ हात २ मुठी ३ बोटे, ३ हात, २ हात ३ मुठी, १ हात ३ मुठी १ बोट. सगळ्याची बोटे केली तर ९८, ९५, ८४, ६८, ४१. दोन रेघांमधले अंतर लिहिलेले नाही, पण एक हात धरले तर जवळच सापडलेल्या गोलसर माथ्याच्या बांधकामाशी वक्र जुळतो. घरी आलेखाच्या कागदावर हे पाच बिंदू टाकून जोडून पाहावेत. कुठलाही आकार ‘एवढे आडवे गेल्यावर एवढे उभे’ अशा बोटांच्या यादीत उतरवायचा, ही सवय इथे उघड दिसते. सेकेद म्हणजे तीच यादी, फक्त प्रत्येक ओळीत एकच आकडा.

दुपारी तेती राजाच्या पिरॅमिडात उतरावे. बाहेरून तो मातीचा उंचवटा वाटतो, आत भिंतीभर कोरीव मजकूर आहे. सहाव्या राजवंशात पिरॅमिडची मापे जवळपास ठरूनच गेली होती : पाया १५० हात, उंची १०० हात. अर्धा पाया ७५, म्हणजे सेकेद ५ मुठी १ बोट. साचा एकदा बसला की राजा बदलतो, नकाशा बदलत नाही.

तिसरा दिवस : मैदूम

कैरोच्या दक्षिणेला सुमारे १०० किमी. वाटेत खाणावळी कमी, पाणी आणि जेवण सोबत घ्यावे. गर्दी नसते.

दुरून दिसतो तो पिरॅमिड नाही, ढिगाऱ्यातून वर आलेला तीन टप्प्यांचा मनोरा आहे. आधी सात पायऱ्या झाल्या, मग आठ, आणि शेवटी पायऱ्या भरून काढून चार सपाट उतारांचा पिरॅमिड करण्यात आला. हिशेब असा : पाया २७५ हात, उंची १७५ हात. अर्धा पाया १३७ १/२. त्याला ७ ने गुणून १७५ ने भागले की ५ १/२ मुठी. म्हणजे ५ मुठी २ बोटे, म्हणजे २२ बोटे. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा सेकेद हाच. जगप्रसिद्ध उतार पहिल्यांदा आखला गेला तो इथे, आणि इथे तो ढासळला.

का ढासळला ते मनोऱ्यावर वाचता येते. त्याच्या अंगावर गुळगुळीत आणि खडबडीत असे आडवे पट्टे आहेत. गुळगुळीत पट्टे एकेकाळी पायरीच्या उघड्या बाजू होत्या. त्या शेवटच्या म्हणून घोटून काढल्या होत्या. पुढे त्यांना चिकटून भराव घातला तेव्हा जुन्या-नव्याची पकड बसलीच नाही, कारण घोटलेल्या दगडावर नवा दगड नुसता टेकतो. त्यात बाहेरच्या आवरणाचा पाया खडकावर नव्हता, वाळूवर होता. खालचे आवरण नंतरच्या लोकांनी चोरून नेले, त्यानेही भर घातली. एका दुपारी सगळे कोसळले की शतकानुशतके थोडे थोडे घसरले, यावर वाद आहे. ढिगाऱ्याच्या खालच्या कडेशी आवरणाचे दगड जागच्या जागी आहेत, तिथे पट्टी लावता येते : ओळंब्याची दोरी धरून एक हात उंची घ्यायची आणि दोरीपासून उतारापर्यंतचे आडवे अंतर बोटांत मोजायचे. मोबाइल सरळ दगडावर टेकवला तर झिजेमुळे अंश-दोन अंश इकडेतिकडे होतात. हातभराच्या मापात ती झीज बरीच सरासरीत जाते.

शेजारची १७ क्रमांकाची मस्तबा, म्हणजे सपाट माथ्याचे ओट्यासारखे थडगे, मापांच्या दृष्टीने पिरॅमिडहून मोलाची आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पिट्रीने १८९१ च्या सुमारास तिचे कोपरे खोदले तेव्हा जमिनीखाली, चारी कोपऱ्यांच्या बाहेर काटकोनात वळलेल्या विटांच्या भिंती मिळाल्या. त्यांवर एकेका हाताच्या अंतराने आडव्या रेषा आणि त्यांना छेदणारी उताराची तिरकी रेषा आखलेली होती. कारण असे : खडक समपातळीत नव्हता, प्रत्येक कोपरा वेगळ्या खोलीवर सुरू होत होता. भिंत उतरती असल्यामुळे खोल कोपऱ्यात तिचा पाया तितकाच जास्त बाहेर घ्यावा लागतो, नाहीतर जमिनीच्या पातळीवर आल्यावर चारी बाजू जुळत नाहीत. म्हणून जमिनीच्या पातळीवर खरा चौकोन कल्पून तिथून सेकेदाने खाली उतरत गेले. आजही उतारावरच्या प्लॉटवर पायाची आखणी (लाइनआउट) करताना दोरी जमिनीला चिकटवून मोजणारा फसतो, तो याच कारणाने. या भिंती बघायच्या त्या पिट्रीच्या रेखाटनात. मस्तबाच्या आत मात्र चोरांनी पाडलेल्या बिळातून सरपटत जाता येते. रुंद खांद्याच्या माणसाने विचार करून जावे.

चौथा दिवस : दहशूर

दहशूरचे दोन्ही मोठे पिरॅमिड खुफूचा बाप स्नेफ्रू याचे. आधी वाकडा पाहावा. पाया ३६० हात, सुमारे १८९ मीटर. खालचा उतार साधारण ५४ १/२ अंश, म्हणजे सेकेद ५ मुठी. ४७-४९ मीटरवर उतार एकदम मोडतो आणि ४३ अंशांच्या आसपास येतो. एकूण उंची २०० हात, १०५ मीटर. खालचाच उतार शेवटपर्यंत नेला असता तर १८० ला ७ ने गुणून ५ ने भागायचे : २५२ हात, सुमारे १३२ मीटर. म्हणजे वाकवल्यामुळे उंचीत ५२ हात वाचले, आणि वाचले ते सगळे वजन आतल्या दालनांच्या डोक्यावरचे.

गोष्ट त्याआधीच बिघडली होती. सुरुवात ३०० हातांच्या पायावर आणि जवळपास ६० अंशांच्या चढाने झाली. खालची जमीन खडकाची नाही, रेती-चिकणमातीची. दालने तडकू लागली तेव्हा चारी बाजूंनी ३० हात जाडीचा पट्टा घालून पाया ३६० केला. तेही पुरले नाही. त्यात दगड आत कललेले, सक्काऱ्याच्याच पद्धतीने. पायऱ्यांच्या पिरॅमिडात हे चालून गेले, पण एवढ्या वजनाखाली कललेले थर मधल्या पोकळीकडे रेटत राहिले. वाकल्यानंतरच्या वरच्या भागात थर आडवे आहेत. दुर्बिणीतून फरक स्पष्ट दिसतो. बांधकाम चालू असताना पद्धत बदलल्याचा याहून ठळक पुरावा मिळणे कठीण. २०१९ पासून आत जाता येते : उत्तरेचा बोगदा जवळपास ८० मीटर लांब आणि कमरेतून वाकवणारा. वरच्या दालनात भिंती एकमेकींकडे सरकू नयेत म्हणून लावलेल्या देवदाराच्या तुळया अजून आहेत. चार हजार सहाशे वर्षांपूर्वीचा तातडीचा टेकू.

मग तांबडा पिरॅमिड. पाया ४२० हात, उंची पुन्हा २००. अर्ध्या पायाचा हिशेब ७.३५ मुठी देतो, म्हणजे साडेत्रेचाळीस अंशांच्या आसपास. वाकड्याचा सुरक्षित ठरलेला वरचा उतार इथे पायापासून घेतला आणि थर पहिल्यापासून आडवे ठेवले. दिसायला बसका, पण टिकला. पूर्वेला शेंड्याचा दगड तुकडे जोडून ठेवला आहे. त्याचा कोन पिरॅमिडपेक्षा जास्त उभा आहे, त्यावरून पूर्ण पिरॅमिडचा सेकेद काढायचा मोह टाळावा.

प्रवेश जमिनीपासून २८ मीटर उंचीवर, मग ६२ मीटर लांबीचा उतार. आत अमोनियाचा उग्र वास येतो, रुमाल ठेवावा. पहिल्या दोन दालनांचे छत १२ मीटरवर गेले आहे, ११ थर दोन्हीकडून थोडे थोडे पुढे सरकवत. एका थराने किती पुढे यावे याचा हात इथे बसला. गिझाच्या मोठ्या दालनाची तालीम म्हणून हे छत बघावे. आतून वर येताना मांड्या भरून येतात. दोन्ही पिरॅमिड एका दिवसात आतून करायचे असतील तर दुसऱ्या दिवशी गिझाच्या आत जाणे ठेवू नये.

पाचवा दिवस : गिझा, खुफू बाहेरून

आता प्रवेश फैयूम रस्त्याकडच्या नव्या दरवाजातून होतो आणि आत विजेवरच्या बस फिरतात. पहिल्या बसने उत्तर बाजूला उतरावे. पाया ४४० हात, उंची २८० हात, आजच्या मापात २३०.३ आणि १४६.६ मीटर; वरचे टोक गेल्यामुळे सध्या उंची १३८.५. सेकेद मैदूमचाच, २२ बोटे. तो अंशांत ५१ अंश ५० मिनिटे होतो. उत्तर बाजूच्या पायाशी आवरणाचे काही दगड अजून जागेवर आहेत, १८३७ मध्ये ढिगाऱ्याखालून निघालेले. उतार सांगतात ते हेच. वरच्या उघड्या पायऱ्या नव्हेत. दोन दगडांमधला सांधा बघावा : पिट्रीने त्याची सरासरी जाडी अर्ध्या मिलिमीटरची मोजली.

१९२५ मध्ये कोल या सर्वेक्षकाने केलेल्या मोजणीत चार बाजू अशा आल्या : उत्तर २३०.२५३, दक्षिण २३०.४५४, पूर्व २३०.३९१, पश्चिम २३०.३५७ मीटर. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान बाजूत २० सेंमीचा फरक. हातकाठी प्रत्येक वेळी टेकवताना १ मिमीची चूक एकाच दिशेने होत गेली असती, तर ४४० वेळांत ४४ सेंमी झाली असती. म्हणजे प्रत्यक्ष चूक हातामागे अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिली. हे दोरीने साधणे अवघड. दोरी ओढली की ताणते आणि दमट सकाळी वेगळी, दुपारी वेगळी भरते. दोरी ओळ धरायला ठीक. लांबी मोजायला टोकाला टोक लावलेल्या काठ्याच हव्यात.

पायाखालचा फरसबंद ओटा चारी बाजूंच्या ९२० मीटरवर २.१ सेंमीच्या आत सपाट आहे. पहिल्या दिवशीची चौकट हे करू शकते, मात्र दर ठिकाणी उलटून तपासली तर. कर्णाने काटकोन तपासणे इथे शक्यच नव्हते, कारण मधोमध मूळ खडकाचा उंचवटा तसाच ठेवला होता. पाया झाकला जाईपर्यंत कोपऱ्यातून समोरचा कोपरा दिसत नव्हता. काटकोन बाहेरूनच साधावा लागला.

दिशेची चूक कोनाच्या साडेतीन मिनिटांच्या आसपास (६० मिनिटांचा एक अंश). एवढ्या बाजूवर ती २३-२४ सेंमी होते. ताऱ्यांवरून दिशा घेतली की सूर्याच्या सावलीवरून, याबद्दल एकाहून अधिक मते आहेत आणि दोन्ही पद्धती एवढी अचूकता देऊ शकतात. मोबाइलचा होकायंत्र इथे काढूच नये. चुंबकीय उत्तर कैरोत काही अंशांनी पूर्वेला आहे, आणि आपण शोधतोय ते अंशाच्या सतराव्या भागाएवढे.

उतार राखणे हे खरे अवघड काम. हातामागे एका बोटाची चूक झाली, २२ ऐवजी २३ बोटे, तर २८० हातांवर ती २८० बोटे होते, म्हणजे १० हात, ५ मीटरहून जास्त. बोटाच्या दहाव्या हिश्श्याचीही चूक शेंड्याशी एक पूर्ण हात देते. म्हणून नुसता सेकेद सांभाळून भागत नाही, उरलेली बाजू पुन्हा पुन्हा मोजावी लागते. इथे २२ बोटांची सोय कळते : दर १४ हात उंचीला बाजू बरोबर २२ हातांनी घटते. ७० हातांवर ती ३३० भरायला हवी, १४० वर २२०. खडकाचा उंचवटा झाकला गेला की प्रत्येक थराच्या माथ्यावर कर्णही ताणता येतात.

आता π. परिमिती १७६०, भागिले उंची २८० : ६.२८५७. हे २π च्या ०.०४ टक्के जवळ आहे आणि त्यावर शेकडो पाने खर्ची पडली आहेत. पण हा आकडा साडेपाच मुठींतून आपोआप येतो. पाया कितीही घ्या, परिमिती भागिले उंची ४४/७ च राहणार. मैदूमलाही तेच. त्याच लोकांचे वर्तुळाचे गणित ऱ्हिंड पेपिरसमध्ये आहे : व्यासाचे ८/९ घेऊन वर्ग करायचा. त्यातून π ची किंमत ३.१६ निघते, २२/७ नव्हे. आणि खुफूच्या मुलाने, खाफ्रेने, ५ मुठी १ बोट घेतले, तिथे हाच भागाकार नेमका ६ येतो. गुपित एवढे पवित्र असते तर मुलानेच ते सोडले नसते. सुवर्ण गुणोत्तराचेही तसेच. उताराची तिरकी लांबी ३५६.०९ हात, अर्ध्या पायाने भागली की १.६१८६, खरा आकडा १.६१८०. १४/११, ४/π आणि सुवर्ण गुणोत्तराचे वर्गमूळ हे तिन्ही १.२७२ ते १.२७३ च्या दरम्यान येतात, म्हणून एक साधले की बाकीचे दोन फुकट मिळतात. हाताच्या ०.५२३६ मीटरमध्ये π/६ शोधणाऱ्यांना एवढेच सांगावे की मीटर अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सात जन्मला.

पिट्री १८८० मध्ये इथे आला तो अशाच एका कल्पनेमुळे. पिआझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने ‘पिरॅमिड इंच’ मांडून पायाच्या बाजूत वर्षाचे दिवस बसवले होते. पिट्रीने बाजू मोजली तर ती त्या कल्पनेपेक्षा सुमारे १.८ मीटर आखूड निघाली.

कोन स्वतः मोजायचा असेल तर उभे कुठे राहायचे हे महत्त्वाचे. एका बाजूच्या बरोबर समोर, लांबून, फोटो काढला तर कडेचा कोन ५१-५२ अंश मिळतो. कोपऱ्याच्या समोरून काढला तर ४२, कारण आता पाया म्हणून कर्ण दिसतो. कोपऱ्याची धारच मुळी १० हात आडवे गेल्यावर ९ हात उभे अशा चढाची आहे. पायथ्याशी उभे राहून मोबाइल शेंड्याकडे रोखणाऱ्याला यांपैकी काहीच मिळत नाही.

सहावा दिवस : खुफू आतून

वेगळे तिकीट, सकाळी पहिली वेळ. नवव्या शतकातल्या अल-मामूनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोगद्यातून शिरावे लागते. चढता मार्ग सुमारे ३९ मीटर, उंची १.२ मीटर, रुंदी २ हात. उतार २६ अंश : २ हात आडवे, १ हात उभे. उतरत्या मार्गाचा पिट्रीने घेतलेला कोन २६ अंश ३१ मिनिटे, गणिताचा २६ अंश ३४ मिनिटे. येणारे-जाणारे एकाच वाटेने, त्यामुळे दम आणि संयम दोन्ही लागतात.

मग अचानक पाठ सरळ होते. मोठे दालन ४६.७ मीटर लांब, ८.६ मीटर उंच. तळाशी रुंदी ४ हात : मधे २ हातांचा मार्ग, दोन्ही बाजूंना एकेक हाताचे कट्टे. वर सात थर, प्रत्येक थर एक मूठ आत. सात मुठी म्हणजे एक हात. दोन्हीकडून एकेक हात आत आल्यावर छताशी उरतात २ हात, खालच्या मार्गाएवढेच. आखणीवाल्याने हाताच्या सात मुठी छतात अक्षरशः मांडून ठेवल्या आहेत. तांबड्या पिरॅमिडच्या ११ थरांनंतर हे पाहिले की किती फुरसतीने केलेला विचार आहे ते जाणवते.

राजाचे दालन २० बाय १० हात, सगळे अस्वानचे ग्रॅनाइट. उंची मात्र पूर्ण हातांत बसत नाही : ५.८४ मीटर, ११.१८ हात. जमिनीचा कर्ण काढला तर २२.३६ हात, त्याचे अर्धे ११.१८. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी ताणायची, दुमडायची आणि उभी धरायची. आकडेमोड लागतच नाही. त्याचा परिणाम असा की आखूड भिंतीचा कर्ण बरोबर १५ हात, लांबी २० हात आणि दालनाच्या एका तळकोपऱ्यापासून समोरच्या छतकोपऱ्यापर्यंत २५ हात. ३-४-५ चा त्रिकोण हवेत उभा. तो हेतूने आला की दुमडलेल्या दोरीच्या पाठोपाठ, हे भिंती सांगत नाहीत. माझे मत दोरीच्या बाजूने. छताच्या नऊ तुळयांना दक्षिणेकडे तडे आहेत. वर वजन वाटून द्यायला पाच पोकळ्या आहेत, तिथे पर्यटकांना नेत नाहीत.

सातवा दिवस : खाफ्रे आणि मेनकौरे

खाफ्रेचा पिरॅमिड उंच वाटतो तो १० मीटर उंच खडकावर असल्याने. बाजू सुमारे २१५ मीटर, उंची १४३.५. सेकेद ५ मुठी १ बोट, उंचीच्या तीन चतुर्थांश, म्हणजे अर्धा पाया ३, उंची ४, तिरकी लांबी ५. ऱ्हिंडच्या तीन उदाहरणांतला उतार तो हाच. बर्लिनच्या एका पेपिरसमध्ये १०० चे असे दोन वर्ग पाडायला सांगितले आहेत की एकाची बाजू दुसऱ्याच्या ३/४ असावी. उत्तर ८ आणि ६. तो पेपिरस पिरॅमिडच्या कित्येक शतकांनंतरचा. बांधणाऱ्यांना यात एक फायदा मात्र नक्की होता : ३, ४, ५ च्या लाकडी त्रिकोणाने दगडाचा उतार एका क्षणात तपासता येतो. माथ्यावर आवरण शिल्लक आहे, त्यावर दुर्बीण लावली तर चारही धारा शेंड्याशी एकमेकींना नीट भेटत नाहीत, किंचित पीळ पडला आहे. परवाचा दहाव्या हिश्श्याचा हिशेब इथे डोळ्यांनी दिसतो.

किती काम कुठे होते याचा अंदाजही इथूनच घ्यावा. मॉस्को पेपिरसचे १४ वे उदाहरण माथा कापलेल्या पिरॅमिडचे घनफळ काढते : खालची बाजू ४, वरची २, उंची ६. १६, ८ आणि ४ यांची बेरीज २८, उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याने, २ ने गुणून ५६. रीत आजचीच. ती खुफूच्या २६ लाख घनमीटरला लावली तर उंचीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात ७० टक्के दगड लागून जातो आणि निम्म्या उंचीला आठपैकी सात हिस्से. तांबड्या समुद्राकाठी वाडी अल-जर्फला २०१३ मध्ये सापडलेल्या पेपिरसवरच्या नोंदींमध्ये मेरेर नावाचा मुकादम तुरा या ठिकाणच्या खाणीतून चुनखडी होडीने गिझाला आणतो, दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. त्या नोंदी खुफूच्या अखेरच्या वर्षांतल्या, आणि तुऱ्याचा पांढरा दगड आवरणाचा.

मेनकौरेचा पिरॅमिड, गिझाच्या तीन मोठ्यांतला सर्वांत लहान, घनफळाने खुफूच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान, पण पद्धत इथेच उघडी पडलेली दिसते. खालचे १६ थर ग्रॅनाइटचे आणि बरेचसे अर्धवट. दगड जागी बसवले तेव्हा बाहेरची बाजू मुद्दाम जाड ठेवली होती. उताराची रेषा सांध्यावर कोरून घ्यायची आणि जास्तीचा दगड शेवटी, वरून खाली येत, उतरवायचा. म्हणजे काम चालू असताना कडा फुटल्या तरी बिघडत नाही, आणि शेंड्याशी जुळलेल्या धारेवरून खालचे तासता येते. उत्तरेच्या प्रवेशाभोवती तासलेला गुळगुळीत तुकडा आणि त्याच्या बाजूला फुगलेले दगड एका नजरेत येतात. पट्टी लावून बघायची जागा हीच.

पायाशी पडलेले ग्रॅनाइटचे दगड पुन्हा चढवायचा प्रकल्प २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाला होता. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारीत नकार दिला, कारण न तासलेल्या दगडांपैकी कुठला कुठल्या जागेचा हे ठरवता येत नाही. ते दगड उत्तर आणि पूर्व बाजूंना तसेच पडलेले आहेत, आणि त्यांतले अनेक हात लावण्याइतके जवळ.